रात्रीच्या गोळीमुळे हिशेबात लक्ष लागत नाही

प्रश्न : कोल्हापुरात गुजरीतील, म्हणजे सराफ बाजारातील, एका पेढीवर मी हिशेब लिहितो. छातीतील धडधडीसाठी रात्री क्लोनाझेपाम ही भीती शमवणारी गोळी सुरू झाल्यापासून काट्यावरचा आकडा वहीत उतरेपर्यंत विसरतो. हा गोळीचाच परिणाम असावा का?

उत्तर : शक्य आहे. हे औषध मेंदूतील ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवते, त्यामुळे भीतीबरोबर एकाग्रताही मंदावते. शिवाय त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास साधारण ३० ते ४० तास लागत असल्याने रात्रीची गोळी सकाळी तुमच्याबरोबर पेढीवर येतेच.

दुसरे उत्तर : मीही हीच गोळी घेत होतो. ती परस्पर बंद केली, ही घोडचूक होती. झोप उडाली, हात कापू लागले. पुढे डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरवली. तोवर दुचाकीही टाळली.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. सोमवारी वही डॉक्टरांना दाखवतो, मालकांना नव्हे.