पोट वजा मान: टेपने काढलेली चरबीची टक्केवारी कितपत खरी मानायची?

फीतवाला (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात ऑफिसात आरोग्य शिबीर झालं. उंची १७० सेंमी, वजन ६६ किलो, बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २२.८. आपल्याकडे २३ च्या आत असलं की ठीक धरतात, त्यामुळे कागदावर 'नॉर्मल' लिहून मिळालं. घरी येऊन शर्ट काढला. आरशात जे दिसतं त्याला नॉर्मल म्हणायची हिंमत सख्ख्या आईलाही व्हायची नाही. हातपाय काटकुळे आणि मधे मडकं.

वजनकाट्याला हाड, स्नायू, चरबी सगळं सारखंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असेल. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांनी स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के!

मग मी टेप घेतली. अमेरिकी नौदलासाठी हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ मध्ये एक सूत्र बसवलं. पुरुषांसाठी तीनच मापं लागतात: उंची, बेंबीवरून पोटाचा घेर, आणि कंठमण्याच्या खालून मानेचा घेर. सेंटिमीटरमध्ये ते असं (लॉग दहाच्या पायाचा):

चरबी % = ४९५ ÷ [१.०३२४ − ०.१९०७७ × लॉग(पोट − मान) + ०.१५४५६ × लॉग(उंची)] − ४५०

कंसातून शरीराची घनता निघते. ४९५ आणि ४५० हे आकडे सिरी यांच्या १९६१ च्या समीकरणातले. चरबीची घनता ०.९ आणि बाकी शरीराची १.१ धरली की ते आपोआप येतात.

माझं पोट ९२, मान ३८. उत्तर २२.९ टक्के. म्हणजे 'नॉर्मल' गडी जवळजवळ पावशेर चरबीचा. माझं म्हणणं सरळ आहे. बीएमआय विसरा, महिन्यातून एकदा टेप लावा आणि ही टक्केवारी वहीत टिपा. विरोधी मतांचं स्वागत.

---

शंकेखोर

२२.९ मधला तो '.९' कुठून आला हो?

हे सूत्र पाण्याखाली वजन करून काढलेल्या घनतेशी ताडून बसवलं आहे आणि त्याची प्रमाणित चूक साधारण साडेतीन टक्के आहे. म्हणजे तुम्ही १९.४ ते २६.४ यांच्या मधे कुठेतरी, आणि तेही बहुतेक. काही जण त्याच्याही बाहेर पडतात. अशा आकड्याला दशांश लावणं म्हणजे पंचांग बघून लोकलची वेळ सांगणं.

आता दुसरं सूत्र घ्या. २०१८ मध्ये वुलकॉट आणि बर्गमन यांनी मांडलेलं, लॉगबिग काही नाही: ६४ − २० × (उंची ÷ कंबर). तुमचीच मापं घातली तर उत्तर २७.०. माणूस तोच, टेप तीच, चार टक्के वाढले. कोणता आकडा वहीत टिपणार?

आणि याज्ञिकांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. एकाच बीएमआयला दोन देशांतल्या दोन माणसांची चरबी दुपटीहून जास्त फरकाने वेगळी निघाली, कारण शरीराची ठेवणच वेगळी. त्याच याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं आणि इंग्लंडातल्या साउदम्प्टनची बाळं यांची तुलना केली होती. आपली सरासरी २.७ किलो, तिकडची ३.५. वजन एवढं कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून, तूट मुख्यतः मांसात आणि पोटातल्या अवयवांत. ठेवणीतला हा फरक जर बीएमआयला चकवतो, तर अमेरिकी खलाशांच्या अंगावर बेतलेलं सूत्र तुमच्या अंगाला कसं बसेल? दुसऱ्याच्या मापाचा सदरा तो.

---

फीतवाला

@शंकेखोर, सदरा ढगळ झाला म्हणून उघडं फिरायचं का? जिममधल्या विजेच्या मशीनवर मी सकाळी आणि संध्याकाळी वेगवेगळा निघालो. ते यंत्र अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतं, तांब्याभर पाणी प्यायलं तरी बिचकतं. डेक्सा स्कॅनला (क्ष-किरणांनी चरबी मोजतात तो) पैसे पडतात आणि तो दर महिन्याला कोण करणार? टेप वीस रुपयांची. आकडा चार टक्के चुकीचा असू दे, दर वेळी त्याच बाजूला चुकला की झालं. घटतोय का वाढतोय ते कळतं ना!

---

काखेत टेप

सूत्रातलं मला कळत नाही, पण अठ्ठावीस वर्षं शिलाईच्या मशीनवर बसलोय, म्हणून मापाबद्दल बोलतो.

गिऱ्हाईक "कंबर चौतीस" म्हणत येतं. ती पँटची चौतीस असते आणि पँट पोटाखाली नेसलेली असते. बेंबीवर टेप टाकली की छत्तीस, साडेछत्तीस. आणि टेप अंगाला लागली की माणूस पोट आत ओढतोच, मुद्दाम नाही, आपसूक. "श्वास सोडा" म्हटलं की आधी घेतो, मग धरून ठेवतो. मी त्याला पत्ता विचारतो. बोलताना श्वास सुटतो, तेवढ्यात माप घ्यायचं.

कापडी टेप जुनी झाली की ताणते आणि माप कमी दाखवते. फायबरची घ्या. मागून टेप खाली उतरलेली नको, स्वतःचं स्वतः घेताना नेमकी तीच चूक होते. जेवायच्या आधी घ्या. आणि गिऱ्हाइकाला आकडा मोठ्याने सांगू नये हे आमच्या धंद्यातलं, इथे चालेल बहुतेक.

---

शंकेखोर

@काखेत टेप, दंडवत! तुमची चौतीस मी सूत्रात घालून पाहिली. पोट ८६ सेंमी, बाकी धागाकर्त्याचंच. उत्तर १८.६. पँटचा नंबर टाकला की चार टक्के चरबी झटक्यात गायब, एक पैशाचा व्यायाम न करता. आणि बेंबीवर एका सेंटिमीटरची चूक झाली तरी ०.७ टक्का इकडचा तिकडे. महिन्याची 'प्रगती' त्याहून मोठी असते का?

---

तालमीतला

कोल्हापूर. मानेबद्दल कोणीच बोलंना म्हणून लिवतोय.

सूत्रात पोटातनं मान वजा होते. म्हणजे मान जाड तेवढी चरबी कमी. आमच्यात मान कमवायलाच वर्षं जातात. आमच्या आळीतले एक जुने पैलवान, आखाडा सुटून पंधरा वर्षं झाली, खुराक सुटला नाही. उंची १७०, पोट १०४, मान ४६. आकडा आला २५.६. मान साध्या माणसासारखी ३९ धरली तर पुरे ३० येतोय. मानेनं चार टक्क्यांच्या वर खाल्लं बघा! आणि आता त्या मानेत सगळा स्नायूच हाय व्हय? रात्री घोरण्यानं गल्ली जागी असते. मानेवर चरबी चढली तरी सूत्र म्हणतंय शाब्बास.

खलाशी रोज कवायत करणारे गडी. त्यांची मान जाड म्हणजे अंग कमावलेलं, असं धरलं असंल. खुर्चीतल्या माणसाला ते कसं लागू?

---

मावळतीचं ऊन

इतका वेळ सगळे पुरुषांच्याच पोटावर बोलताय. बायकांचं सूत्र वेगळं आहे, त्यात कंबर अधिक नितंब वजा मान असं येतं. कंबर सर्वात बारीक जागी मोजायची, बेंबीवर नाही.

माझं वय ५१, उंची १५५. चार वर्षांपूर्वी लेकीने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मोजलं तेव्हा कंबर ७८, नितंब ९८, मान ३२. उत्तर ३३.२ टक्के. या दिवाळीत पुन्हा मोजलं. कंबर ८४, नितंब ९२, मान तीच. उत्तर? ३३.२ टक्के. दशांशालासुद्धा धक्का नाही! कारण ७८ आणि ९८ ची बेरीज १७६, ८४ आणि ९२ चीही १७६.

लेक म्हणाली, "आई, तू जशीच्या तशी आहेस." मी जशीच्या तशी नाही हे माझे ब्लाऊज सांगतात. पाळी थांबण्याच्या काळात चरबी मांड्या-नितंबांवरून पोटाकडे सरकते आणि धोका नेमका पोटातल्या चरबीचा, जी यकृत-आतड्यांभोवती बसते. मधुमेह, हृदयविकार तिच्याशी जोडलेले. आपल्याकडे बायकांसाठी ८० सेंमी कंबर ही धोक्याची रेघ मानतात, पुरुषांसाठी ९०. मी ती रेघ ओलांडली आणि सूत्राला पत्ताच नाही. चरबी *किती* हे सांगण्याच्या नादात ती *कुठे* हे त्याने बेरजेत बुडवून टाकलं.

आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं करून बघा. सुतळी घ्या, डोक्यापासून टाचेपर्यंत उंचीइतकी तोडा. तिची मधोमध घडी घाला. ती दुहेरी सुतळी पोटाभोवती पुरली तर बरं, नाही पुरली तर जेवणाकडे आणि पायांकडे बघायची वेळ आली. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, एवढंच. इंग्लंडच्या 'नाइस' या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेनेही २०२२ पासून लोकांना हेच सांगायला सुरुवात केली आहे. हातच्या कांकणाला लॉगॅरिदम कशाला?

---

हिशोबनीस

+१ सुतळीला.

रच्याकने, अमेरिकेच्या लष्करानेच २०२३ मध्ये मान आणि नितंब सोडून दिले. तेव्हा ठेवलं ते फक्त पोटाचा घेर आणि वजन. ज्यांच्याकडून सूत्र उसनं आणलं त्यांच्याच शेजारघरी ते मोडीत निघालंय.

---

फीतवाला

@हिशोबनीस, अर्धीच बातमी सांगितलीत. लष्कराने मान सोडली, टक्केवारी नाही सोडली. पोट आणि वजन घालून शेवटी त्यांनी टक्केच काढले. म्हणजे माझा मुद्दा शाबूत.

@मावळतीचं ऊन, ताई, तुमच्या १७६ ला माझ्याकडे उत्तर नाही. बायकांच्या सूत्राचा हा दोष मान्य. पण सुतळी फक्त हो किंवा नाही सांगते. माझ्यासारख्याला २२.९ चे २१ झाले की हुरूप येतो. नुसतं "नाही पुरली" ऐकून कोण पहाटे उठून पळेल?

---

शंकेखोर

हुरूपच हवा तर पोटाचे सेंटिमीटर टिपा की. ९२, ९१, ९०. सूत्रात महिन्यागणिक खरा बदलणारा आकडा तोच एक, मान फारशी हलत नाही आणि उंची काही तुमची वाढत नाही. लॉगमधून फिरवून आणल्याने त्यात नवीन माहिती काय आली? फक्त शास्त्रीय वास आला. आणि दर आठवड्याला टेप लावणाऱ्यांसाठी आपल्याकडे 'पी हळद हो गोरी' आहेच.

---

तालमीतला

आमच्या वस्तादांचं सूत्र: लंगोट आवळताना गाठ मारायला किती पट्टी उरते ते बघायचं. ती मागल्या सालाएवढी उरली की जोर-बैठका चालू ठेव, कमी उरली की तूप बंद.

---

काखेत टेप

वस्ताद बरोबर. पट्ट्याचं भोक पण तेच सांगतं.

---

फीतवाला

काल रात्री सगळे झोपल्यावर सुतळी काढली. घडी घातली, पोटाभोवती आणली. श्वास सोडला होता, मनातल्या मनात पत्तासुद्धा सांगितला. चार बोटं कमी पडली.

तरी ही पद्धत मला पटलेली नाही.

---

शंकेखोर

चार बोटं म्हणजे किती टक्के?