पाऊस गेला, सावल्या परत आल्या : शहरातल्या चित्रकारांनो, तुमचे शरदातले छोटे आनंद सांगा

धागा काढणारी, जलरंग, पुणे

आज सकाळी माझ्या कागदांच्या कपाटाचा तिसरा खण उघडला. जूनपासून तो अडकून बसला होता. पावसात लाकूड फुगतं, खण हलत नाही, आणि मग ऑक्टोबरात एके दिवशी हात लावताच सर्रकन बाहेर येतो. माझ्या घरी शरद ऋतू त्या दिवशी लागतो.

मी सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहते आणि जलरंगात काम करते. पावसाळ्यात जलरंग ज्यांनी केलेत त्यांना वेगळं सांगायला नको. कागद हवेतलं पाणी पिऊन बसतो. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा पसरट थर, वाळता वाळत नाही, आणि घाईने त्यावर दुसरा दिला की नुसता चिखल. रंगाच्या वड्यांत डिंक असतो, त्यामुळे त्यांच्यावर बुरशी धरते ती वेगळीच. आज मी आकाशाचा वॉश दिला, चहा टाकला, गाळून कप घेऊन परत आले. बोटांची मागची बाजू कागदाला टेकवून पाहिली. ओला कागद गार लागतो. हा गार लागला नाही. एवढ्या गोष्टीने माझा दिवस चांगला जातो.

पण मला खरं सांगायचंय ते सावल्यांबद्दल. चार महिने ढगांमुळे उजेड सगळीकडून सारखाच येतो. समोरच्या वाड्याची भिंत सपाट दिसते, झाडं सपाट, माणसंसुद्धा. आज साडेआठला त्या भिंतीवर गॅलरीच्या कठड्याची सावली पडली होती. कडा अगदी कापून काढल्यासारख्या. आणि ती काळी नव्हती. वरच्या अंगाला निळसर होती, कारण ऊन अडलं तरी आकाशाचा उजेड तिथे पोचतोच, आणि धुतलेल्या हवेतलं आकाश या दिवसांत फार निळं असतं. खाली, जिथे अंगणातल्या शहाबादी फरशीवरचं ऊन उसळून भिंतीवर येत होतं, तिथे तीच सावली उबदार, गेरूकडे झुकलेली. वीतभर जागेत दोन हवामानं. अल्ट्रामरीनचा निळा आणि बर्न्ट सिएनाचा तांबूस तपकिरी एकमेकांत पूर्ण न मिसळता तसेच कागदावर सोडले आणि लांब झाले. पंधरा-वीस मिनिटांत भिंतीवरची सावली सरकली होती.

म्हणून हा धागा. प्रदर्शनं, विक्री, पुरस्कार यांबद्दल आपण एरवी बोलतोच. इथे फक्त या ऋतूतलं, रोजचं, शहरात राहून मिळणारं लिहा. चार ओळीही चालतील.

रेखाचित्रं, मुंबई

माझा शरदातला आनंद दिवाळी अंकांचा आहे. त्यांची चित्रं आम्ही भर पावसात काढतो. जुलै-ऑगस्टमध्ये कथा हातात येते, बाहेर रस्ते तुंबलेले असतात, आणि मी पणत्या, कंदील, नाही तर कथेतलं कडक ऊन काढत बसलेली असते. चित्रं पाठवून दिली की ती डोक्यातून जातात. मग ऑक्टोबरात एका दुपारी कुरिअरवाला जाडजूड पाकीट देऊन जातो.

पाकीट मी लगेच फोडत नाही. हात धुते, टेबल मोकळं करते. आधी वास घेते, नवीन शाईचा. मग माझं पान. स्क्रीनवर काळा म्हणजे काळा असतो, पण अंकाच्या पिवळसर कागदात शाई थोडी मुरते आणि बारीक रेघ किंचित जाडी होते. दर वर्षी मी ते ध्यानात ठेवून रेघ थोडी हलकी ठेवते. अंदाज बरोबर आला की डोळ्यांना जे समाधान मिळतं, त्याची बरोबरी मानधनाने होत नाही. (मानधन वेळेवर मिळायलाच हवं, तो मुद्दा वेगळा. एका अंकाकडून मला दोन वर्षांपूर्वीचं अजून यायचंय.)

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथपासूनची ही परंपरा. त्या लांबलचक रांगेत आपलंही एक पान आहे, याचं मला दर वर्षी नव्याने अप्रूप वाटतं.

भित्तिचित्रं, ठाणे

माझं दोनच ओळींचं. आमच्या रस्त्यावर सातवीणीची (सप्तपर्णीची) झाडं आहेत, संध्याकाळी सातनंतर त्यांचा वास अख्ख्या गल्लीत भरतो. काहींचं डोकं दुखतं, माझं नाही. शिडीवरून उतरून, रंगाचे हात घेऊन घरी चालत येताना तो वास लागला की वाटतं, आता भिंती वाळायला लागल्या, आता कामं सुरू.

व्यक्तिचित्रं, नागपूर

मी दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर स्केचबुक घेऊन जातो. माझ्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथेच दीक्षा घेतली होती, अशोक विजयादशमीचा तो दिवस. त्यामुळे जाणं घरचंच आहे, स्केचबुक माझं.

पांढऱ्या कपड्यांतली लाखो माणसं, निळे झेंडे, आणि पुस्तकांचे स्टॉल. रात्रभराच्या प्रवासाने दमलेली माणसं सावली पाहून बसतात, पण नवीन पुस्तक हातात असतं ते मिटत नाहीत. पुस्तकावर वाकलेला चेहरा काढायला मला सगळ्यात जास्त आवडतो. पानावरचा उजेड खालून हनुवटीवर, गालांवर येतो आणि सुरकुत्या मऊ होतात. एरवी पोर्ट्रेटसाठी माणसाला स्थिर बसवावं लागतं. इथे शेकडो माणसं आपणहून स्थिर बसलेली असतात.

गेल्या वर्षी एक आजी बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, “का काढून राहिला बाप्पा?” मी वही दाखवली. त्यांनी नीट पाहिलं आणि बोट ठेवून सांगितलं, “चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधली आहे नं माही, थे काढ.” मी दोरा काढला. ते पान फाडून त्यांना दिलं. वहीत आता तिथे फाटलेली कड आहे, ती मला फार प्रिय आहे.

आणि घरी परतताना संत्री. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या झाडांची, पहिली संत्री याच सुमारास गाड्यांवर दिसू लागतात. साल अजून हिरवी असते, खालच्या टोकाकडून पिवळी पडत जाते. चवीला आंबट, पण मी ती खायला घेतच नाही. दोन दिवस टेबलावर ठेवून त्या हिरव्याचं पिवळं होताना रंगवतो. बायको वाट पाहत असते.

धागा काढणारी

चष्म्याच्या दांडीचा दोरा वाचून मी दोन मिनिटं थांबले. फार सुंदर लिहिलंत दादा. बाकीच्यांनीही असंच सविस्तर लिहा.

शिल्पकाम, पणजी

आमच्याकडे हे दिवस नरकासुराचे, नरक चतुर्दशीच्या पहाटे जाळायच्या त्याच्या पुतळ्यांचे. मी पणजीतल्या मळा भागात राहतो. वर्षभर माझं काम फायबरचं आणि दगडाचं, पण दिवाळीआधीचे दहा दिवस वाड्यावरची पोरं माझा ताबा घेतात. सांगाडा, गवत भरणं, कपडे त्यांचे. तोंड माझ्याकडे.

आधी मातीत चेहरा करतो. त्यावर ओल्या वर्तमानपत्राचा पहिला थर, मग खळ लावून एकावर एक पट्ट्या. पावसाळ्यात हे काम हातात धरवत नाही, कागद आतून कुजतो. या दिवसांत सकाळी लावलेला थर दुपारपर्यंत कडक होतो आणि बोटाने टिचकी मारली की टणटण वाजतो. तेवढ्यात चार वाजता ढग गडगडले की सगळी पोरं तोंड उचलून व्हरांड्यात पळतात. ते दृश्य मला दर वर्षी बघायचं असतं. आठ हातांवर एक भलामोठा अर्धा रंगवलेला राक्षस, जीभ बाहेर.

ते तोंड पहाटे जाळायचंच असतं. म्हणून मी त्यात हात राखून काही करत नाही. भुवया वाटेल तेवढ्या ताणतो, दात एकही सारखा करत नाही. स्टुडिओत गिऱ्हाईकाच्या कामात मला जी मोकळीक घेता येत नाही, ती इथे घेतो. जाळताना डोळ्यांच्या खोबणीतून आधी धूर येतो, मग जाळ. मग घरी अंघोळ, अंगठ्याखाली कारीट फोडणं, आणि आईचे पोहे. दुधातले, ताकातले, रसातले, गुळाचे. माझी पसंती ताकातल्यांना. हातांना खळीचा वास दोन दिवस राहतो, तो मी घासून काढत नाही.

छापचित्रं, न्यूयॉर्क (क्वीन्स)

इथला शरद म्हटलं की सगळे मेपलच्या लाल पानांबद्दल बोलतात. माझं झाड गिंको. आमच्या फुटपाथवर ओळीने लावलेले आहेत. मेपलची पानं महिनाभर थोडी थोडी गळतात. गिंको थांबून राहतो, आणि पहिल्या कडक गारठ्यानंतर बहुतेक सगळी पानं एकाच दिवसात टाकून देतो. सकाळी खाली उतरले तर झाड रिकामं आणि अख्खा फुटपाथ पिवळा. शेवंतीच्या पिवळ्याच्या जवळचा, थोडा लिंबाकडे जाणारा.

त्या दिवशी उजेड खालून येतो. मुलांच्या नाकाच्या खाली, पार्क केलेल्या गाड्यांच्या पोटाला पिवळी झाक असते. वर कुणी पुस्तकाच्या पानावरून चेहऱ्यावर येणाऱ्या उजेडाबद्दल लिहिलंय, अगदी तेच, पण रस्त्याएवढं.

मी पिशवीभर पानं घरी आणते, पंख्यासारखी. शाईचा रोलर फिरवून थेट पानांवरून ठसे घेते. देठापासून निघालेल्या शिरा पुढे दुभंगत जातात, त्या इतक्या बारीक उमटतात की खोदून मला कधी जमल्या नसत्या. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, पाचच्या आतच सूर्य मावळतो आणि पहिले काही दिवस मला उदास वाटतं. तेव्हा खिडकीत कंदील लावते. दिवाळी होऊन गेलेली असली तरी. त्याला झिरमिळ्या याच छापलेल्या कागदांच्या असतात.

चित्रकला शिक्षक, कोल्हापूर

आमच्या वर्गात दसऱ्याला पाटीपूजन करतो. मुलं मोबाईलवर चित्रं काढतात, पण त्या दिवशी प्रत्येकाला दगडी पाटी. १ चे आकडे जोडत जोडत जी सरस्वती काढतात ना, ती मी अजूनही फळ्यावर शिकवतो. सहा वर्षांच्या पोराच्या लक्षात येतं की आकड्यापासून आकृती होते. एकाने विचारलं, “सर, २ ची पण होते काय?” करून बघ म्हणालो. बदकांची रांग झाली. आम्ही तिचीही पूजा केली.

पाटीशेजारी माझे ब्रश मांडतो. हळदकुंकू दांडीला, केसांना नाही. त्या दिवशी ब्रशला काम द्यायचं नाही, हे माझ्या वडिलांनी घालून दिलेलं. ते साइनबोर्ड रंगवायचे. वर्षातला एक दिवस ब्रश स्वच्छ, कोरडे, ओळीने निजलेले पाहतो आणि कोणता किती झिजलाय ते त्या दिवशी कळतं. वडिलांचा एक चपटा ब्रश आहे, आता अर्धा इंच केस उरलेत. तो मधोमध असतो.

पोस्टर रंग, डोंबिवली

माझी वेगळी स्टुडिओची खोली नाही. वन रूम किचनमध्ये चौघं राहतो. पण पाऊस गेला की सोसायटीची गच्ची उघडते. पावसाळाभर शेवाळामुळे कुलूप असतं. किल्ली सेक्रेटरीकाकांकडून घ्यायची, रात्री परत द्यायची. ऑक्टोबर ते मे गच्ची हाच माझा स्टुडिओ. दुपारी तापते म्हणून सकाळी साडेसहा ते नऊ, नाही तर रात्री.

गेल्या कोजागरीला सगळे मसाला दूध पिऊन खाली गेले तेव्हा मी थांबलो. दिवा लावायचा नाही, चंद्राच्या उजेडातच चित्र काढायचं असं ठरवलं. कमी उजेडात डोळ्यांना रंग कळत नाहीत, फक्त गडद-फिकं कळतं, आणि त्यातही लाल सगळ्यात आधी काळा पडतो, निळा उजळ राहतो. हे वाचलं होतं, अनुभवलं नव्हतं. वाट्यांत रंग होते, पण कोणत्या वाटीत काय ते बघून सांगता येईना. मग ठरवलं, नावं विसरायची. समोर जे जेवढं गडद, तेवढी गडद वाटी उचलायची.

पाण्याच्या टाक्या, कठडा, कल्याणकडचे दिवे. दोरीवर कुणाची तरी साडी राहिली होती, चंद्रात ती जवळजवळ काळी दिसत होती आणि वाऱ्याने हलत होती. सगळ्यात काळी वाटली ती वाटी घेऊन मी तिच्या घड्या रंगवल्या. दूध गार झालं, साय धरली. बारा वाजून गेले तरी बोटं आखडली नाहीत, कारण तेव्हा इथे थंडी नसते, नुसता गारवा असतो.

सकाळी चित्र घेऊन वर गेलो. टाक्या जांभळ्या झाल्या होत्या, आकाश हिरवट. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू साडी काढायला आल्या होत्या. मी कागद साडीशेजारी धरला. दोन्ही किरमिजी होते.