प्रवासात तुम्ही कुठे चुकलात? (अनुभव धागा)

मोरपंखी_छत्री

गेल्या दिवाळीत एका ग्रुपबरोबर भूतानला गेले होते. थिम्फूहून पुनाखाला जाताना दोचुला खिंडीत गाड्या थांबतात. तिथे १०८ छोटे स्तूप आहेत, चोर्तेन म्हणतात त्यांना. धुकं, मरणाची थंडी आणि चहा पोटात गेल्यामुळे आमचा ग्रुप एकदम फॉर्मात. एका काकांनी ओलं जॅकेट चोर्तेनच्या कट्ट्यावर वाळत टाकलं. मी शेजारीच बसून चिवड्याचं पाकीट फोडलं. गाईड काही बोलला नाही. त्याने जॅकेट उचललं, नीट घडी घातली, काकांच्या हातात दिलं आणि मला म्हणाला, "मॅडम, उधर बेंच है."

गाडीत मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. आसाम आणि उत्तर बंगालमधल्या बंडखोरांनी भूतानच्या जंगलात तळ ठोकले होते. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने ते उठवले. त्यात जे सैनिक गेले, त्यांचं हे स्मारक. म्हणजे भारताशी लढणाऱ्यांना हुसकावताना जे मेले, त्यांच्या उशाशी बसून मी चिवडा खात होते. २०१९ मध्ये महाराष्ट्रातलाच एक बाइकस्वार भूतानमधल्या चोर्तेनवर चढल्याची बातमी आली होती, तेव्हा मी सोफ्यावर बसून त्याला यथेच्छ नावं ठेवली होती.

म्हणून हा धागा. कुठे कसं वागावं याच्या टिपा नकोत, त्या पोत्याने मिळतात. तुम्ही स्वतः कुठे चुकलात आणि समोरच्या माणसाने ते कसं निभावून नेलं, ते लिहा.

बुलेट_आणि_पाठदुखी

लडाखमधलं तुर्तुक. आम्ही पाच जण, सगळे सिंहगड रोडचे. हुंडरहून श्योक नदीच्या कडेकडेने सरळ आत गेलो. हे बाल्टी लोकांचं गाव १९७१ च्या युद्धापर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात होतं. पर्यटकांना खुलं झालं २०१० मध्ये. एवढं मी वाचून गेलो होतो आणि त्याचाच माज होता.

एका घराच्या ओट्यावर एक आजोबा जर्दाळूच्या बिया फोडत बसले होते. मोठ्या दगडाला मधोमध खळगा, त्यात बी ठेवायची, वरून छोटा दगड. एक टक्, आतला गर अख्खा बाहेर. मी हेल्मेटही न काढता विचारलं, "चाचा, पाकिस्तान कहाँ से दिखता है?" त्यांनी मान वर न करता हातातल्या दगडानेच डोंगराकडे खूण केली. "वहाँ मेरा भाई है. आपका कौन है?"

युद्धाच्या वेळी जो जिथे होता तो तिथेच राहिला, एवढंच पुढे म्हणाले. मी काय बोलणार? हेल्मेट काढलं आणि खाली बसलो. त्यांनी माझ्या हातात तो छोटा दगड दिला. माझ्या पहिल्या चार बियांचा भुगा झाला. आजोबा तोंड दाबून हसले आणि तो भुगाही वाया जाऊ दिला नाही, वेगळ्या वाटीत काढला. तास कसा गेला कळलं नाही. "पाकिस्तान" बघायचं राहिलं ते राहिलंच.

पेठेतली_पाटी

सगळा दोष पर्यटकाच्याच माथी का? लोक पैसे मोजून जातात. चार दिवसांत अमुक ठिकाणं, उतरा, फोटो काढा, बसा. कट्टा कुठला आणि स्मारक कुठलं हे गाईडने आधी सांगायला नको? त्याचेच तर पैसे घेतो तो.

मोरपंखी_छत्री

@पेठेतली_पाटी, आदल्या संध्याकाळी बसमध्ये सांगितलं होतं त्याने. आम्ही अंताक्षरी खेळत होतो.

वाड्याचा_झाला_फ्लॅट

माझी चूक घरबसल्या झाली, चालेल का? आम्ही बऱ्याच वर्षांपासून सर्वासचे यजमान आहोत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ मध्ये, डेन्मार्कमध्ये ही चळवळ सुरू झाली. परक्या देशातला माणूस तुमच्या घरी दोन रात्री राहतो, तुमच्याबरोबर आमटीभात खातो, पैशाचा व्यवहार नाही. एकमेकांच्या घरी जेवलेली माणसं एकमेकांवर बंदूक धरायला कचरतील, असा साधा हिशोब.

एका जूनमध्ये जर्मनीच्या एक शिक्षिका आल्या होत्या आणि नेमक्या पालख्या पुण्यात मुक्कामी. मी त्यांना नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या बाजूला घेऊन गेले. एका बंद दुकानाच्या पायरीवर एक म्हातारी वारकरीण केस विंचरत होती. आमच्या बाई कॅमेरा हातात घेऊन घुटमळल्या, माझ्याकडे बघितलं. मी ऐटीत म्हटलं, काढा, काढा, आमच्याकडे चालतं.

म्हातारीने पदर ओढला. "तुला गं कुनी सांगितलं, चालतं म्हनून?"

पाहुणी विचारत होती, परवानगी मी दिली, आणि केस तिसरीचेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात म्हातारीने पायरीवरचं गाठोडं सरकवलं. "हितं बस. तुज्या बाईलाबी बसव." फडक्यातून भाकरी काढली, वर शेंगदाण्याची चटणी. बाईंनी एक घास खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी. मग म्हातारीची चौकशी सुरू झाली, मी दुभाषी. पोरं किती? नवरा काय करतो? एकटीच आली व्हय एवढ्या लांब? बाई म्हणाल्या, नवरा नाही, मुलं नाहीत. हे भाषांतर करताना मी अडखळले, म्हातारीला मात्र काही विशेष वाटलं नाही. "बरं हाय. डोक्याला ताप न्हाई."

अंबाडा घालून झाला, तुळशीची माळ सरळ केली आणि म्हणाली, "आता काढ."

रानमेवा

माझं छोटंसंच. मेघालयात मॉफलांगला पवित्र वन आहे, आतून पानही बाहेर न्यायचं नाही असा दंडक. मी एक सुंदर वाळकं पान वहीत ठेवलं. बाहेर पडताना खासी गाईडने विचारलं, "दीदी, कुछ लिया तो नहीं?" मी खोटं बोलले. दहा पावलांवर माझं मलाच राहवलं नाही, परत गेले आणि ठेवून आले. लाज याची जास्त वाटली की आमच्या मुळशीतल्या गावाला देवराई आहे. तिथली काटकीसुद्धा कोणी चुलीला नेत नाही आणि सहलीला आलेल्या पोरांनी नेली तर मीच ओरडते.

पेठेतली_पाटी

बरं, लिहितो. नोव्हेंबर २०१९ मध्ये पाकिस्तानातल्या कर्तारपूर गुरुद्वाऱ्याला जायचा रस्ता उघडला, पुढच्याच महिन्यात आईला घेऊन गेलो. तेव्हा व्हिसा लागत नव्हता, माणशी २० डॉलर भरावे लागायचे, सकाळी जायचं आणि संध्याकाळच्या आत परत. आतल्या आवारात तिकडचेही लोक येतात. मी आईला निघतानाच बजावलं होतं, कोणाशी बोलायचं नाही, काही द्यायचं-घ्यायचं नाही.

लंगरहून बाहेर आलो, बूट घालून वर बघतो तर आई कट्ट्यावर फैसलाबादच्या एका बाईंशेजारी बसून पिशवीतून बाकरवडी काढतेय. मी तिथल्या तिथे आईवर खेकसलो. मराठीत, पण सूर कळायला भाषा कशाला लागते? त्या बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

आईने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. हात तसाच धरून बसली. मग त्या बाईंनी जरा संकोचून विचारलं, "इस में कुछ ऐसा-वैसा तो नहीं है ना?"

मला वाटलं आता संपलं. आमच्या मातोश्री आयुष्यभर प्रत्येक हॉटेलात, प्रत्येक लग्नात, एकदा तर विमानातसुद्धा वेटरला हाच प्रश्न विचारत आल्यात. आई इतकी हसली की डोक्यावरचा रुमाल घसरला. "नहीं बहनजी, बेसन और खोपरा. और थोडा साखर."

"साखर?"

"शक्कर, शक्कर."

त्यांनी अर्धी खाल्ली आणि अर्धी रुमालात बांधून घेतली, नातवासाठी. आईने उरलेलं पाकीटच त्यांच्या मांडीवर ठेवलं.