गोळी सुटली की सिनेमा संपतो का?

मध्यंतर
परवा भाचा राहायला आला आणि त्याने मला 'जॉन विक' दाखवला. वीसेक मिनिटांनी मी मेलेली माणसं मोजणं सोडून दिलं. भाचा कौतुकाने सांगत होता, "मामा, बघ ना, हा गोळ्या मोजतो, संपल्या की मॅगझिन बदलतो. कसलं खरं आहे!" असेल. पण मला जांभई आली ती आलीच.

माझं ठाम मत असं, की बंदुकीच्या सिनेमाची लायकी गोळी सुटायच्या आधीच्या मिनिटांत कळते. बार झाला की पुढचं फक्त आवरायचं काम.

'द डे ऑफ द जॅकल' (१९७३) घ्या. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायची सुपारी घेतलेला माणूस रानात एका झाडाला जाळीत घालून कलिंगड टांगतो. दूर जाऊन बसतो, गोळी झाडतो, उठून बघतो. गोळी जरा बाजूला बसलेली असते. छोट्या स्क्रूड्रायव्हरने दुर्बिणीचा स्क्रू पिळतो आणि पुन्हा झाडतो. पार्श्वसंगीत नाही, घाई नाही, एखादा घड्याळजी काम करत असावा तसं सगळं चाललेलं. मग शेवटची, फुटणारी गोळी भरतो आणि ते कलिंगड नाहीसंच होतं. द गॉल १९७० साली घरी, नैसर्गिक मरणाने गेले हे सिनेमा बघायला आलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी शेवटी खिडकीतून ती बंदूक बाहेर डोकावते तेव्हा श्वास अडकतोच. कशामुळे? त्या कलिंगडामुळे.

दुसरा 'द हर्ट लॉकर'मधला (२००८) वाळवंटातला प्रसंग. समोरच्या घरात कुठेतरी इराकी नेमबाज आहेत आणि बॉम्ब निकामी करणारे अमेरिकन सैनिक उन्हात पालथे पडलेत. काडतुसं एका मेलेल्या सोबत्याच्या खिशातून काढलेली, रक्ताने चिकट, म्हणून बंदूक अडकते. एक जण ती काडतुसं थुंकी लावून पुसतो. दुसरा ज्यूसची पिशवी फोडून स्ट्रॉ नेम धरलेल्याच्या तोंडाला लावतो, कारण त्याला दुर्बिणीवरून डोळा काढायचा नाहीये. चेहऱ्यावर माशी फिरते, ती हाकलायचीही सोय नाही.

तुमचे आवडते सांगा. मला खोडून काढलंत तरी चालेल.

तिकीटबारी
खोडून काढतो.

राव, कलिंगड कधी फुटतंय याची वाट बघायची तर मी मंडईत जाऊन बसेन, तिथे तिकीट लागत नाही. बंदुकीचा सिनेमा म्हणजे 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६). विषय संपला. फाशीचा दोर गोळीने तोडणं शक्य आहे का? मला काय करायचंय! मोरिकोनेचं संगीत चढत जातं, दिग्दर्शक लिओने कॅमेरा डोळ्यांत नेऊन ठेवतो, बोटं पट्ट्याजवळ वळवळतात. तुम्हाला स्क्रूड्रायव्हर लागतो, मला चेहरे लागतात.

आणि तुमच्या हर्ट लॉकरबद्दल म्हणाल तर तो आवडला नाही म्हणणारे खुद्द अमेरिकन सैनिकच खूप होते. बॉम्ब निकामी करणारी तुकडी अशी एकटी वाळवंटात फिरत नाही आणि स्नायपरची बंदूक उचलून लढायलाही बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे ज्या खरेपणासाठी तुम्ही जीव टाकताय तोही खोटाच.

मध्यंतर
मी 'खरं' म्हणालोच नाही, भाचा म्हणाला. मी 'आधीची मिनिटं' म्हणालो. आणि तुमचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं निघालं की! दफनभूमीतल्या त्या तिघांच्या झुंजीत गोळीबार किती? डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतो. त्याआधी कित्येक मिनिटं तिघे नुसते एकमेकांकडे बघतायत. शिवाय त्यांच्यातल्या ब्लाँडीने, म्हणजे नायकाने, आदल्या रात्रीच दुसऱ्याच्या, टुकोच्या, पिस्तुलातल्या गोळ्या काढून ठेवलेल्या, म्हणजे त्याला समोरच्या दोघांपैकी एकाचीच काळजी. नेमापेक्षा पूर्वतयारी मोठी. अजून काय हवं?

त्यात टुकोचा बंदुकांच्या दुकानातला प्रसंग आठवा. चार पिस्तुलं सोडवतो, चक्र कानाजवळ धरून फिरवतो, आवाज पटला की या पिस्तुलाची नळी, त्याचं चक्र असं करत स्वतःचं एक जुळवतो. आंबेवाला आंबा कानाशी नेत नाही एवढंच.

तिकीटबारी
आंब्यावर आलात म्हणजे मुद्दे संपले.

गणिताचा_तास
मध्यंतरांच्या बाजूने एक घरचं उदाहरण. 'शोले'. गब्बर तीन गोळ्या हवेत उडवतो, चक्र फिरवतो आणि समोरच्या तिघांवर एकेकदा चाप ओढतो. तिन्ही वेळा नुसतंच टक. मग हसणं, आणि मग तिघेही खलास.

लहानपणी वाटायचं, काय हा योगायोग, सिनेमावाले काहीही दाखवतात. एकदा कागदावर मांडून पाहिलं. सहा घरांचं चक्र आणि गोळ्या ओळीने उडवलेल्या. म्हणजे रिकामी तीन घरं शेजारी-शेजारी आणि भरलेली तीनही शेजारी-शेजारी. चक्र कुठेही थांबू शकतं, सहा शक्यता. त्यातल्या एकाच शक्यतेत सलग तीन रिकामी येतात. म्हणजे सहात एक, लुडोत सहा पडण्याइतकं सोपं. आणि गंमत पुढे आहे. तसं झालं तर उरलेली तीन घरं भरलेलीच असणार, म्हणून नंतरचे तिन्ही बार बसणारच. गोळ्या कशाही विखुरलेल्या असत्या तर हीच शक्यता विसात एक झाली असती. हिशेब चोख आहे हो.

त्या प्रसंगात भीती कशाची वाटते? टक् आवाजाची. बार झाल्यावर तर सुटल्यासारखं वाटतं.

दहा_पूर्णांक_नऊ
कोल्हापूरहून. आठ वर्षं एअर रायफल केली, जिल्ह्याच्या पुढे गेले नाही, पण रेंजवरचा घाम माहीत आहे. त्यामुळे जरा तक्रार.

तुम्ही दोघेही ज्याला नेमबाजी म्हणताय ती नेमबाजी नाही, शिकार आहे. आमच्याकडे दहा मीटरवर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे ज्याच्यावर मारायचं ते छर्‍याहून नऊपट बारीक. अंगात पुठ्ठ्यासारखं ताठ जॅकेट आणि तशीच पँट, कोल्हापूरच्या मे महिन्यात. निम्मा सराव तर छर्रा न भरता, नुसता चाप ओढायचा. 'ड्राय' म्हणतो आम्ही. आई विचारायची, "आवाज येईना, झोपलीस काय गं?"

आणि सिनेमातला प्रत्येक जण एक डोळा गच्च मिटतो! मिटू नका हो, त्याने चेहरा ताणला जातो. आम्ही दुसऱ्या डोळ्यासमोर पट्टी लावतो आणि दोन्ही उघडे ठेवतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळी आहे. चाप ओढला की सिनेमात लगेच दुसरं दृश्य, कोण पडलं ते दाखवायला. आमचे सर ओरडायचे ते नेमकं यावरच. बार झाल्यावर बंदूक तशीच, डोळा तसाच, श्वास तसाच. फॉलो थ्रू. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत तुम्ही सैल पडलात तर दहाऐवजी नऊ गुण. मध्यंतर साहेब, तुम्ही म्हणता गोळी सुटली की संपलं. आमच्याकडे तिथेच खेळ हरतात.

'सांड की आंख' (२०१९) मला सगळ्या तक्रारींसकट आवडतो. बागपत जिल्ह्यातल्या जोहरी गावच्या चंद्रो आणि प्रकाशी तोमर या दोघी जावा साठी ओलांडल्यावर पिस्तूल शिकल्या, त्यांची ही गोष्ट. तापसी आणि भूमीला पांढरे केस लावून आजी केलं त्यावर बराच वाद झाला आणि तो रास्त होता, साठीच्या नट्या काय कमी होत्या? पण हातात पाण्याचा जग धरून हात स्थिर करायचा सराव बघितला आणि मी घरच्या तांब्याकडे बघून हसले.

अवांतर: आमच्या गावाकडच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबतने २०१८च्या एशियाडमध्ये सुवर्ण आणलं, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य. यांच्यावर मराठीत चित्रपट कुणी करील का? की बंदूक आहे म्हटल्यावर खून लागतोच?

उलटतपासणी
शेवटच्या प्रश्नावर मी अडले.

धागा वाचून अस्वस्थ वाटतंय, ते सांगते. आपण इतक्या प्रेमाने ज्या 'आधीच्या मिनिटांबद्दल' बोलतोय ती कुणाच्या तरी मरणाआधीची मिनिटं आहेत. आणि ती रंगवायला दिग्दर्शक बेलाशक इतिहास वाकवतात.

'एनिमी ॲट द गेट्स' (२००१) सगळ्यांच्या यादीत असेल. त्यातला सोव्हिएत नेमबाज वासिली झाइत्सेव्ह खरा, स्टालिनग्राडमधले त्याच्या नावावरचे २२५ बळी कागदोपत्री आहेत. पण त्याला मारायला आलेला तो जर्मन मेजर? झाइत्सेव्हने स्वतः द्वंद्वाची गोष्ट सांगितली आहे, जर्मन कागदपत्रांत मात्र असा कुणी सापडत नाही. 'अमेरिकन स्नायपर'मध्येही (२०१४) तेच. त्यातल्या अमेरिकन नेमबाजाची, क्रिस काइलची, २१०० यार्डांवरून मारलेली गोळी खरी आहे, पण ती रॉकेट लाँचर घेतलेल्या एका माणसावर होती. सिनेमात ती मुस्तफा नावाच्या तोडीस तोड नेमबाजाला लागते. का? तर वाट बघण्यात मजा यायची तर समोर कुणी जोडीचा हवा. मग तो बनवायचा. त्यामुळे युद्ध हे कुस्तीच्या फडासारखं दिसायला लागतं, लाल माती, दोन पैलवान. प्रत्यक्षात दुर्बिणीतल्या माणसाला बहुतेक वेळा पत्ताही नसतो.

सोव्हिएत नेमबाज ल्युदमिला पावलिचेन्कोच्या नावावर ३०९ बळी आहेत. १९४२ साली ती अमेरिकेला गेली तर तिथल्या पत्रकारांनी तिला गणवेशाच्या स्कर्टची लांबी आणि लिपस्टिकबद्दल विचारलं. तिच्यावर २०१५ साली सिनेमा आला, आपल्याकडे किती जणांनी पाहिला? त्यात ती थकते, तुटते. तेवढ्यासाठी तरी बघा.

तिकीटबारी
ताई, मान्य, पण मग पडद्यावर फक्त पश्चात्तापच बघायचा का? दसऱ्याला रावण जाळतो तेव्हा आपण त्याच्या नातेवाइकांची चौकशी करत नाही.

उलटतपासणी
रावण क्रिस काइलसारखा परवापरवाचा नाही, आणि लंका बगदादसारखी अजून राहती नाही.

ठासणी
तळकोकणातून. आमच्याकडे पिकाच्या राखणीचा परवाना आणि आजोबांपासूनची ठासणीची बंदूक. तुमच्या चर्चेत हिची कुणाला आठवण नाही म्हणून लिहितो.

नळीत दारू घाला, वर काथ्या कोंबा, गजाने ठासा. मग छर्रे, परत काथ्या, परत ठासा. केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, बसवा, घोडा ओढा. एवढं होईपर्यंत डुकरांनी नाचण्याची एक वाफ साफ केलेली असते. बार एकच. चुकला तर डुक्कर तुम्ही पुन्हा ठासेपर्यंत थांबत नाही, तुम्हीच झाडावर चढता. केप दमट असली तर तोही फुसका. त्यात निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. डुकरांना आचारसंहिता लागू नाही.

म्हणून मला वेस्टर्नमधलं ते झटझट पिस्तूल काढणं कधी पटलंच नाही. मला आवडतो तो 'विंचेस्टर ७३' (१९५०). त्यात १८७६ सालच्या चार जुलैला डॉज सिटीत नेमबाजीची स्पर्धा आहे, बक्षीस एक रायफल. जेम्स स्ट्यूअर्ट वर फेकलेल्या चकतीच्या भोकातून गोळी काढतो. पंच विश्वास ठेवत नाहीत. मग भोकावर टपालाचं तिकीट चिकटवून पुन्हा फेकायला लावतो. ते तिकीट फाटतं. माणूस मेला नाही, डुक्कर मेलं नाही, एक तिकीट फाटलं. कोल्हापूरच्या ताईंनी हा बघावा.

दहा_पूर्णांक_नऊ
बघते. पण हवेत फेकलेली चकती? आमचे सर म्हणाले असते, आधी कागदावर लाव बाई.

मध्यंतर
ताईंच्या फॉलो थ्रूमुळे काल रात्री हर्ट लॉकरचा तो प्रसंग पुन्हा लावला. शेवटचा शत्रू पडतो. मी समजत होतो तिथे दृश्य संपतं. संपत नाही. ते दोघे उठत नाहीत. डोळा दुर्बिणीला तसाच, बोलणं नाही, बराच वेळ नुसते पडून राहतात. इतक्यांदा पाहूनही हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं, माझ्या डोक्यात सिनेमा गोळीबरोबरच कापला गेला होता. मथळ्यातल्या प्रश्नाचं माझं उत्तर मागे घेतो.

भाचा शेजारीच होता. म्हणाला, "आता काय बघतोयस, मेले ना सगळे?"