काउंटीच्या वकिलाची फी कोण भरतंय?

"वाढदिवस, निधनवार्ता आणि शाळेच्या मॅचेस छापणारा गावचा पेपर बंद पडला तर बिघडलं कुठे, फेसबुक ग्रुप आहेच की," असं कुणी कुणी म्हणतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं स्टॉर्म लेक हे गाव बघा. वस्ती जेमतेम अकरा हजार, त्यात मांस कारखान्यांत राबणारे स्थलांतरित पुष्कळ. तिथला 'स्टॉर्म लेक टाइम्स' हा पेपर म्हणजे तेव्हा घरचाच कारभार होता: संपादक आर्ट कलन, भाऊ प्रकाशक, बायको फोटोग्राफर, मुलगा बातमीदार.

शेतातलं नायट्रेट नदीत उतरतं म्हणून २०१५ साली आयोवाची राजधानी डी मॉइन इथल्या पाणीपुरवठा संस्थेने तीन काउंट्यांवर (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) दावा ठोकला. त्यात यांचीही काउंटी होती. काउंट्यांच्या वकिलांची बिलं भरतंय कोण, याचा या बापलेकांनी पिच्छाच पुरवला, तेव्हा कृषिउद्योगवाल्यांनी गुपचूप जमवलेला निधी बाहेर आला. संपादकीय लेखनाचं २०१७चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकी पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक, त्यावरच्या अग्रलेखांना मिळालं.

ग्रुपचा कुठला अॅडमिन काउंटीच्या ऑफिसात जाऊन असली कागदपत्रं मागत बसणार? आणि निधनवार्तांना नावं ठेवू नका, लोक पेपर उघडतात त्या वाचायलाच. अर्थात पुलित्झरने पोट भरत नाही. २०२२ मध्ये त्यांनी गावातला दुसरा पेपर विकत घेतला आणि दोन्हींचा एक करून टाकला.