मदत हवी आहे : अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची जुनी गाडी घ्यावी का? बॉनेटला फोड, फेंडरला पोचा

सरळसोट :
आठ वर्षं वापरलेली एक गाडी घ्यायचा विचार आहे. बॉनेट, पुढचे दोन्ही फेंडर (चाकांवरचे बाजूचे पत्रे), चारही दारं आणि डिकीचं झाकण अ‍ॅल्युमिनियमचं. छप्पर, खांब आणि तळ स्टीलचा. इंजिन, गिअरबॉक्स तपासून झालंय, अडलंय ते पत्र्यापाशी.

१. बॉनेटच्या पुढच्या कडेला रंगावर तांदळाच्या दाण्याएवढे फोड आहेत, साधारण वीतभर लांबीत. नख लावलं की रंगाची खपली सुटते आणि खाली पांढरी पूड दिसते. विकणाऱ्याचं म्हणणं, अ‍ॅल्युमिनियम गंजत नाही, रंगच खराब मारलाय.
२. डाव्या फेंडरला चाकाच्या कमानीच्या वर तळहाताएवढा पोचा, आणि त्यात मधोमध एक धारदार घडी. रंग तडकलेला नाही.
३. आधी डेंटिंग-पेंटिंग झालंय का, हे कसं ओळखायचं? लोहचुंबक तर चिकटतच नाही.

आणि मुळात असा पत्रा फायद्याचा की डोकेदुखीचा? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

ऐरण :
पहिल्या मुद्द्यावर विकणारा चुकतोय. ती पांढरी पूड हाच अ‍ॅल्युमिनियमचा गंज. लाल नसतो म्हणून लोक त्याला गंज म्हणत नाहीत, एवढंच. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर लगेच धरतो आणि तोच खालच्या धातूला राखतो. पण लोखंडाचा कण, मीठ आणि ओल एकत्र आली की त्या जागी छोटी बॅटरी तयार होते आणि तीत झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. रंगाखालून हा गंज धाग्यासारखा पुढे सरकतो, म्हणून फोड एका रांगेत दिसतात.

कडेलाच का? बॉनेटचा बाहेरचा पत्रा आतल्या सांगाड्यावर दुमडलेला असतो, मध्ये गोंद आणि वरून सीलर, म्हणजे फट बुजवणारा लेप. दुमडीच्या धारेवर रंग सगळ्यात पातळ बसतो आणि आत शिरलेलं पाणी लवकर सुकत नाही.

तेव्हा आधी बॉनेट उघडून आतल्या बाजूने दुमडीचा सीलर नीट बघा. तो अखंड असेल तर गंज वरवरचा आहे, घासून रंगवता येतो. सीलर तडकून भेगेतून पांढरी पूड डोकावत असेल, तर दुमडीच्या आत घासायचा कागद पोचत नाही. बाहेरून कितीही सुंदर काम केलं तरी फोड परत येणार.

वरवरचा असेल तर काम असं करून घ्या. घासायच्या आधी मेण-ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसायचं, नाहीतर ग्रीस धातूतच रगडलं जातं. मग फोडांच्या पलीकडे तीन-चार सेंटीमीटर चांगल्या रंगापर्यंत ८० नंबरच्या कोऱ्या कागदाने घासायचं. त्याहून भरड कागद नको, धातू मऊ आहे, खोल ओरखडे पडतात आणि ते रंगातून उमटतात. खड्ड्यांतला शेवटचा ठिपका जाईपर्यंत थांबायचं नाही. तारेचा ब्रश लागलाच तर स्टेनलेसचा, आणि स्टीलच्या पत्र्याला कधीच न लावलेला. पुन्हा पुसून लगेच इपॉक्सी प्रायमर. घासून रात्रभर उघडं ठेवलं की ऑक्साइडचा नवा थर वाढतो आणि प्रायमरची पकड जाते. लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरायची तर प्रायमरच्या वर, उघड्या धातूवर नाही. शेवटी दुमडीला नवा सीलर.

काळी कानस :
ऐरण यांच्याशी सहमत, फक्त एक भर घालतो. ज्या जागी स्टील ग्राइंड होतं, तिथे हे काम होऊ देऊ नका. उडालेले लोखंडाचे कण ताज्या घासलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढच्या फोडांचं बी तिथेच पेरलं जातं. कानस, डिस्क, हातोडी, पुसायचं फडकं, सगळं वेगळं हवं. दुरुस्ती करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा. उत्तर देताना तो अडखळला तर पुढे बोलू नका.

दुसरं कारण सुरक्षेचं. अ‍ॅल्युमिनियमची बारीक धूळ हवेत उडाली की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. स्टीलच्या ग्राइंडरला जोडलेल्या साध्या धूळखेचणीतून ती ओढणं तर फारच धोक्याचं. धुळीने पेट घेतलाच तर पाणी मारायचं नाही, धातूच्या आगीसाठीचं ‘ड’ (D) वर्गाचं अग्निशामक लागतं.

पत्रेवाला :
फेंडरकडे वळतो, कारण खरं कौशल्य तिथे लागतं.

पोच्याचा उथळ भाग सोपा आहे, अवघड आहे ती घडी. घडीच्या रेषेवर धातू ताणला जाऊन कडक झालेला असतो. थंड असताना ठोकला तर तिथे बारीक तडा जातो, आणि तो रंगाखाली लपून राहतो. अ‍ॅल्युमिनियमचा ताठरपणा स्टीलच्या एक तृतीयांश, त्यामुळे तेवढ्याच ताणाला तो लवचिकपणे जास्त वाकतो आणि जास्त मागे येतो. हलका दाब दिला तर काहीच होत नाही, थोडा जोर वाढवला की एकदम पलीकडे उंचवटा येतो. स्टीलवर बसलेला हात इथे हमखास फसतो.

म्हणून ऊब द्यायची. रंग टिकवायचा असेल तर गरम हवेच्या गनने साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअस, आणि फक्त घडीवर नाही तर भोवतीच्या पत्र्यावरही, कारण ही धातू उष्णता झपाट्याने पसरवते. दाब मधोमध नाही, तर पोच्याच्या बाहेरच्या कडेपासून गोल गोल आत यायचं. घडी दोन्ही टोकांकडून थोडी थोडी उचलायची. आतून लावायच्या सळईचं टोक गोल आणि गुळगुळीत हवं. बाहेरचे उंचवटे बसवायला लाकडाची किंवा नायलॉनची हातोडी. स्टीलच्या हातोडीने पत्रा डॉलीवर (मागून धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) चेपला तर तो पातळ होऊन पसरतो, आणि पसरलेलं अ‍ॅल्युमिनियम परत आकसवणं फार कठीण.

तापवताना दोन गोष्टी माणसाला फसवतात. पहिली, अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही. साधारण ६६० अंशांना वितळतं, तोवर रंगात फरकच नाही, मग एकदम भोक. दुसरी, इन्फ्रारेड थर्मामीटर. चकचकीत उघड्या धातूवर तो खऱ्यापेक्षा खूपच कमी आकडा दाखवतो. तिथे काळ्या मॅट रंगाचा ठिपका देऊन त्यावर मोजायचं, किंवा ठरावीक तापमानाला वितळणारा खडू वापरायचा. उघड्या पत्र्याला किती तापवायचं, याचा आकडा गाडीच्या दुरुस्तीपुस्तिकेत असतो, तोच धरा. जास्त झालं की मिश्रधातूची कमावलेली ताकद जाते आणि पत्रा कायमचा मऊ राहतो.

मागून हात पोचत नसेल तर बाहेरून गोंदाने टॅब चिकटवून पोचा ओढायचा. स्टीलवर स्टड (छोटा खिळा) वेल्ड करून ओढायचं नेहमीचं मशीन इथे चालत नाही. त्यासाठी कपॅसिटरवर चालणारं मशीन आणि अ‍ॅल्युमिनियमचे स्टड लागतात.

काम झाल्यावर घडीवरचा रंग कुठेही तडकला असेल तर तो काढून तडा तपासणारं रंगीत द्रावण लावायला सांगा. तडा निघाला तर फेंडर बदला. तो बोल्टवरच बसवलेला असतो.

नटबोल्ट :
बदलायची वेळ आली तर बोल्टकडे लक्ष द्या. फेंडर अ‍ॅल्युमिनियमचा आणि तो बसतो स्टीलच्या अंगावर. मूळ बोल्टवर झिंकयुक्त लेप असतो, काही जागी मध्ये प्लॅस्टिकचा वायसर असतो. डब्यातला साधा बोल्ट लावला की त्या भोकाभोवती वर्षभरात पांढरी कड दिसू लागते. लेप खरवडलेला बोल्ट परत वापरायचा नाही, आणि वायसर ‘उरला’ म्हणून बाजूला टाकायचा नाही.

घनफळ :
फायद्याचं गणित मांडतो. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७, स्टीलची ७.८५. ताठरपणा तिसरा हिस्सा असल्यामुळे तेवढाच न वाकणारा सपाट पत्रा करायचा तर जाडी सुमारे १.४४ पट घ्यावी लागते. म्हणजे ०.७ मिमी स्टीलच्या जागी १ मिमी अ‍ॅल्युमिनियम, आणि वजन निम्म्यावर. घनता बघून एक तृतीयांश होईल असं वाटतं, तसं होत नाही. तरी बॉनेट आणि फेंडरसारख्या अगदी पुढच्या भागांत हा फरक मोलाचा, कारण पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो.

कल्पना नवी नाही. १९४८ च्या पहिल्या लँड रोव्हरची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची होती, कारण युद्धानंतर स्टीलची टंचाई होती. तिथेही गंज धरला तो बहुतेक स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम भेटतात त्याच जागी. १९९० ची होंडा एनएसएक्स, १९९४ ची ऑडी ए८ आणि २००३ ची जॅग्वार एक्सजे यांचा तर सांगाडाही अ‍ॅल्युमिनियमचा. जॅग्वारचा रिवेट आणि गोंदाने जोडलेला. तशा गाडीला मोठा मार बसला असेल तर मी दहा वेळा विचार करायला सांगेन. तुमच्या गाडीत सांगाडा स्टीलचा आणि अ‍ॅल्युमिनियमचे भाग बोल्टवरचे, त्यामुळे सगळ्यात वाईट वेळी एक भाग बदलेल, गाडी वाया जाणार नाही. घ्या, पण बॉनेटचा खर्च धरून भाव करा.

ऐरण :
तिसरा प्रश्न राहिला. रंगाची जाडी मोजणारं यंत्र घ्या, पण स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्हींवर चालणारं. फक्त चुंबकीय तत्त्वावरचं इथे काहीच दाखवत नाही. सोबतच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर आधी शून्य करून घ्या. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एखाद्याच दारावर २५० च्या वर गेला तर पुन्हा रंगवलंय, ५०० च्या पुढे बहुधा खाली लांबी आहे. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टच्या डोक्यांवरचा रंग पान्याने खरवडलाय का, तेही बघा.

सरळसोट :
सगळ्यांचे मनापासून आभार. आज पुन्हा गाडी बघितली. दुमडीचा सीलर चार बोटं लांबीत तडकलाय आणि भेगेत पूड आहे. फेंडरच्या बोल्टवरचा रंग शाबूत, जाडी १२० च्या आसपास. म्हणजे बॉनेट बदलायचं हे नक्की. विकणारा म्हणतो, त्याच मापाचं स्टीलचं बॉनेट बनवून मिळतं, ते लावून देतो. चालेल का?

नटबोल्ट :
नको. बॉनेट उचलून धरणाऱ्या गॅसच्या नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या वजनाला मापून दिलेल्या असतात. नळीवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो, तो बघा. त्याच नळ्यांवर दुप्पट वजनाचं बॉनेट टाकलं तर ते अर्ध्यावर थांबणार नाही, इंजिनात वाकलेल्या माणसाच्या मानेवर येईल. बिजागऱ्या आणि कुलपाचा हूकही त्या वजनासाठी बनवलेला नाही. शिवाय धडकेत बॉनेट कुठे आणि किती दुमडावं हे मूळ भागात ठरवलेलं असतं, नकलेत त्याची खात्री नाही. मूळ अ‍ॅल्युमिनियमचंच मागा. जुन्या गाडीवरचं मिळालं तर घ्यायच्या आधी त्याचीही दुमड आतून बघा.