जर्मनीतला पहिला डिसेंबर आणि घरात दोन लहान मुलं

नवीन_बिऱ्हाड

नमस्कार मंडळी,

श्टुटगार्टजवळ नुकतंच बिऱ्हाड मांडलंय. मुलगी ५ वर्षांची, मुलगा पावणेदोनचा, दोघंही किटात, म्हणजे इथल्या बालवाडी-पाळणाघरात, जातात. किटाने नोव्हेंबर ते जानेवारीची पानभर यादी हातात दिलीय: ११ नोव्हेंबर कंदील, ४ डिसेंबरपर्यंत प्रत्येक मुलाचा एक मोजा नाव घालून, मग आडव्हेंट, मग सुट्टी. अ‍ॅपने शब्द कळतात, पण करायचं काय ते कळत नाही.

मोजा कशाला? पावणेदोन वर्षांचं पोर घरात असताना खरं झाड आणावं का? आम्ही अंडं खातो, मांस-मासे नाही, तर खाऊ घेताना काय बघायचं? नाताळात दुकानं बंद म्हणजे नेमकी किती दिवस? आणि संक्रांतीला धाकट्याचं बोरन्हाण करायचंय, ते बोरांशिवाय कसं जमवायचं?

कंदीलवाली

तारखांच्या क्रमाने सांगते.

११ नोव्हेंबर हा सांक्ट मार्टिनचा दिवस. अंधार पडला की मुलं कागदी कंदील काठीला अडकवून गाणी म्हणत फिरतात. कंदील बहुतेक ठिकाणी किटातच बनतो. तुम्हाला न्यायची ती काठी, टोकाला बारीक एलईडी दिवा असलेली. दुकानात 'लाटर्नेनश्टाब' म्हणून मागा. आत बॅटरी आहे का ते घरीच बघा. खरी मेणबत्ती नको, वाऱ्याने कंदील कलला की कागद पेटतो. यंदा (२०२६) लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे तुमचा आकाशकंदील टांगलेलाच असेल. किटाला विचारून तोही मुलांना दाखवायला न्या.

आडव्हेंट म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार. यंदा पहिला २९ नोव्हेंबरला. चार मेणबत्त्यांचं पुष्पचक्र असतं आणि दर रविवारी एक ज्योत वाढते. आडव्हेंट कॅलेंडरचा हिशेब मात्र वेगळा: ते १ डिसेंबरला सुरू होतं, २४ खिडक्या, रोज एक. नवे लोक इथेच गोंधळतात आणि कॅलेंडर रविवारी उघडून बसतात. दोन मुलांत एकच कॅलेंडर असेल तर विषम तारखा एकाच्या, सम दुसऱ्याच्या आणि २४ दोघांची, हे ३० नोव्हेंबरलाच ठरवून टाका. घरी करायचं तर २४ कागदी पिशव्या, आकड्यांचे स्टिकर, लाकडी चिमटे आणि दोरी पुरते. रोज खेळणं नको: एक स्टिकर, केसांची क्लिप, किंवा 'आज रात्री आंबोळ्या' अशी चिठ्ठी. दोरी धाकट्याच्या हाताला लागणार नाही इतकी उंच बांधा. आणि पुष्पचक्र चौथ्या रविवारपर्यंत वाळून कोरडंठाक होतं, तेव्हा खऱ्या ज्योती लावून खोलीबाहेर अजिबात जायचं नाही. तुमच्याकडे यंदा एलईडी मेणबत्त्याच बऱ्या.

आता मोजा. निकोलाउसचा दिवस ६ डिसेंबर. ५ तारखेच्या रात्री मुलं बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात आणि सकाळी त्यात खाऊ सापडतो. यंदा ६ तारखेला रविवार आहे, म्हणून किटा तो शुक्रवारी ४ ला नाहीतर सोमवारी ७ ला उरकणार, मोजा त्यासाठी. घरी ५ तारखेला रात्री वेगळे बूट ठेवायचेच. आत स्वच्छ कागदी रुमाल घाला, वर एक-दोन मांडारीन संत्री, चॉकलेटचा निकोलाउस, एखादी छोटी वस्तू. मोठीला कवचासकट अक्रोड चालतील. धाकट्याला कुठलाही अख्खा सुका मेवा किंवा शेंगदाणा नको, घशात अडकतो. ही काळजी चार-पाच वर्षांपर्यंत घ्यावी. बुटाचा आकारही बघा: मोठीचा गमबूट आणि धाकट्याचा चिमुकला जोडा शेजारी ठेवलात तर सकाळी न्यायनिवाडा करत बसाल.

बाजारहाट

वरच्याला जोड. निकोलाउस म्हणजे सांता नव्हे, ही गल्लत घरी करू नका, मोठी किटात जाऊन वाद घालेल. निकोलाउस हा मायरा गावचा बिशप: उंच टोपी, हातात वाकडी काठी. तो ६ तारखेला येऊन जातो. मोठ्या भेटवस्तू २४ च्या संध्याकाळी, त्या तुमच्या भागात सहसा 'क्रिस्टकिंड' म्हणजे बाळ ख्रिस्त आणतं. उत्तरेत आणि पूर्वेत 'वाइनाख्ट्समान' म्हणजे नाताळबाबा. तुमच्या किटात कोणाचं नाव घेतात ते एकदा विचारून घ्या. मोठीला पत्र लिहायचं असेल तर 'आन डास क्रिस्टकिंड, ५१७७७ एंगेल्सकिर्खेन' इतका पत्ता पुरतो, मात्र पाकिटावर आकडे आणि अक्षरं त्यांच्या लिपीत, आणि तुमचा पत्ता मागे नीट लिहा, उत्तर येतं. पत्र नोव्हेंबरअखेर टाका.

दुकानं. यंदाचा नाताळ वाईट पडलाय. २४ डिसेंबरला गुरुवार, दुकानं दुपारी २ पर्यंत. २५ आणि २६ सार्वजनिक सुट्टी, २७ ला रविवार. म्हणजे गुरुवारी दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत, साडेतीन दिवस. उघडं राहतं ते मोठ्या स्टेशनातलं किंवा पेट्रोल पंपावरचं दुकान, दुप्पट भावाचं. पुढे १ जानेवारी बंद, ३ ला रविवार, आणि ६ जानेवारी तुमच्या राज्यात सुट्टी असते, ती बऱ्याच राज्यांत नसते.

म्हणून सामान मंगळवारी २२ लाच भरा. २३ आणि २४ ला रांगा दारापर्यंत येतात. डायपरचं एक जास्तीचं पाकीट, टिकाऊ दूध म्हणजे 'हा-मिल्श', फ्रीझरमध्ये पाव, विरजण. त्याहून महत्त्वाचं औषध. तापाचं सिरप घरात आहे का, त्याची तारीख उलटली नाही ना, आणि मुलाच्या आजच्या वजनाला किती मिली बसतं हे २२ च्या आत बघून ठेवा. बालरोगतज्ज्ञ नाताळ ते नववर्ष बहुधा रजेवर असतात, त्यांच्या जागी कोण ते दवाखान्याच्या दारावर किंवा फोनच्या उत्तरयंत्रावर सांगितलेलं असतं. तेही बंद असेल तर डॉक्टरांच्या सेवेचा फोन ११६११७, जिवावरचं असेल तर आपत्कालीन ११२. औषधाची दुकानं आळीपाळीने रात्रपाळी करतात, कोणाची पाळी ते प्रत्येक आपोथेकच्या दारावर लावलेलं असतं. तेव्हा २ युरो ५० सेंट जादा पडतात.

खाऊची पाकिटं. 'गेलाटिने' हा शब्द शोधा. फळांच्या आकाराच्या चघळायच्या गोळ्यांत आणि मार्शमॅलोत तो हटकून असतो, बहुतेकदा डुकराचा. 'श्माल्त्स' म्हणजे चरबी. जत्रेतले तळलेले गोळे तेलात तळलेत की चरबीत हे विचारूनच घ्या. 'ई १२०' हा किड्यांपासूनचा लाल रंग. पिवळं-हिरवं व्ही चिन्ह असेल तर एवढं वाचायची गरज नाही. मोठ्यांसाठीच्या चॉकलेटांत आणि कॅलेंडरांत दारू भरलेली असते, ती मुलांच्या कॅलेंडरांशेजारीच मांडलेली असतात. 'आल्कोहोल' शब्द बघा.

किटात सांगायला विसरू नका. 'जिलेटिन नको, मांस नको' असं एका कागदावर लिहून मोज्याला पिनेने लावलंत तरी काम होतं.

सूचिपर्णी

झाडाबद्दल. खरं झाड आणायला हरकत नाही, पण 'नोर्डमानटाने' जातीचं घ्या. सुया बोथट, मुलाला टोचत नाहीत आणि लवकर गळत नाहीत. स्वस्तातली 'फिष्टे' जात हीटर लावलेल्या खोलीत आठवड्याभरात सतरंजीवर उतरते आणि मग रांगणाऱ्या-चालणाऱ्या मुलाच्या पायात. भाव साधारण मीटरमागे २० ते ३० युरो. दीड मीटरच्या वर जायचं कारण नाही.

झाड जाळीत गुंडाळून मिळतं. ते थेट गरम खोलीत उभं केलं की दचकतं. आधी एक दिवस बाल्कनीत किंवा तळघरात, जाळीसकट, बादलीत उभं ठेवा. मग बुंध्याचा खालचा दोन-तीन सेंटिमीटर काप करवतीने सपाट काढा, कारण तोडलेल्या टोकावर राळ धरते आणि पाणी चढत नाही. स्टँडमध्ये बसत नाही म्हणून बुंधा सुरीने तासू नका. पाणी बाहेरच्या थरांतून चढतं, तेच तुम्ही कापून टाकता. स्टँड पाण्याच्या टाकीचा हवा. पहिले दोन दिवस झाड भरपूर पाणी पितं, सकाळ-संध्याकाळ बघा. पाण्यात खत, साखर काही नको, धाकटा तिथे हात घालणारच.

पडण्याचा प्रश्न: वरच्या तिसऱ्या हिश्श्यात मासेमारीचा नायलॉन दोरा बांधून खिडकीच्या मुठीला किंवा भिंतीतल्या हुकाला ताणून घ्या. खालच्या मीटरभरात फक्त लाकडाचे आणि गवताचे तारे, काच वर. दिव्यांची माळ एलईडीचीच, वायर झाडाच्या मागून. आणि एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही: चमचमणाऱ्या शोभेच्या वस्तूंत आणि एलईडी मेणबत्त्यांत नाण्याएवढी चपटी बॅटरी असते. ती गिळली तर अन्ननलिका भाजते, तासाभराचाही उशीर चालत नाही. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं असेल तरच घ्या.

विकत आणलेल्या पुष्पचक्रात 'आइबे' या झाडाच्या फांद्या असू शकतात, त्या अतिशय विषारी. विक्रेत्याला विचारा. मिसलटोची फळं आणि 'क्रिस्टरोझं' ही फुलझाडंसुद्धा मुलाच्या हाताला लागू नयेत.

झाड ६ जानेवारीनंतर काढतात. नगरपालिका ठरलेल्या दिवशी उचलते, तारीख कचऱ्याच्या वेळापत्रकात असते. चमकी आणि तारा पूर्ण काढा, नाहीतर तसंच सोडून जातात.

कंदीलवाली

कपड्यांचं कोणीच बोललं नाही. आत लोकर-रेशमाचा पातळ थर, वर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारा. एकावर एक दोन मोजे घालून बूट घट्ट केला की पाय अजून गार पडतो. बुटात पुढे १ ते दीड सेंटिमीटर मोकळं हवं. लांब मफलर आणि हातमोज्यांची गळ्यामागची दोरी खेळायच्या मैदानात नको, घसरगुंडीला अडकते. डोक्यातून घालायचा गोल मफलर घ्या.

गाडीत बसवताना जाडा कोट काढायचाच. कोटावरून पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की कोट दबतो आणि पट्टा ढिला पडतो. पट्टा बांधून झाला की वरून पांघरूण घाला.

नाताळच्या बाजारात मधल्या वारी दुपारी ३ ला जा. साडेचारला काळोख, पाचनंतर बाबागाडी हलत नाही. मुलांसाठी 'किंडरपुन्श', त्यात दारू नसते. 'ग्लूवाइन' म्हणजे गरम वाइन, तिच्यात असते आणि दोन्ही एकाच खिडकीवर, सारख्याच मगात मिळतात, तेव्हा हातात घेतल्यावर वास घेऊन बघा. मगाचं डिपॉझिट परत मिळतं. सुटे पैसे न्या.

नवीन_बिऱ्हाड

सगळ्यांचे आभार, यादी फ्रिजवर लागली. बोरन्हाण राहिलं. आणि इथल्या काचेच्या शेगडीवर तिळगुळाचा पाक जमतो का? ३१ डिसेंबरच्या फटाक्यांचंही सांगा.

गूळपोळी

पाक जमतो, फक्त ती शेगडी बंद केली तरी काच तापलेलीच राहते आणि पाक पुढे शिजत जातो. वड्यांचा दगड होतो तो यामुळे, गुळामुळे नव्हे. २५० ग्रॅम तीळ मध्यम आचेवर तडतडेपर्यंत भाजून बाजूला ठेवा. जाड बुडाच्या कढईत चमचाभर तूप, २५० ग्रॅम किसलेला गूळ, एक टेबलस्पून पाणी. फेस आला की आच सगळ्यात कमी करा. थंड पाण्यात थेंब टाकून मऊ गोळी झाली की कढई काचेवरून उचलून लाकडी पाटावर ठेवा, मग तीळ, अर्धी वाटी दाण्याचं कूट आणि वेलची. गोळी होण्याआधी उतरवलंत तर वड्या पडत नाहीत. तीळ तुर्की दुकानात स्वस्त. पाकिटावर 'गेशेल्ट' म्हणजे पॉलिशचे, 'उंगेशेल्ट' म्हणजे सालासकट. किटात वाटायचे असतील तर आधी विचारा, तीळ आणि शेंगदाणे दोन्हींची अ‍ॅलर्जी असणारी मुलं असतात.

बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, तेव्हा एक शनिवार धरा. ताजी बोरं भारतातून पोस्टाने मागवू नका, रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय फळं येऊ देत नाहीत. पेढे, खवा, तूप हे दुधाचे पदार्थही पार्सलमध्ये चालत नाहीत. हलव्याचे दागिने मात्र येतात: खाजगी भेट म्हणून ४५ युरोंपर्यंत कर नाही, आत काय आहे आणि किंमत किती ते कस्टमच्या कागदावर स्पष्ट लिहायला सांगा. डिसेंबरच्या सुरुवातीला पाठवलेलं बरं.

ओतायला चुरमुरे भरपूर, बोरांऐवजी मक्याचे आणि बाजरीचे तोंडात विरघळणारे पफ, बारीक बिस्किटं. हरभरे, उसाचे तुकडे, लाह्या-पॉपकॉर्न पावणेदोन वर्षांच्या मुलावर नकोत, तो वेचून तोंडात घालणारच. हवेच असतील तर ते मोठ्या मुलांच्या वाडग्यात वेगळे. दागिन्यांचा हलवा कडक असतो, दोराही असतो; फोटो झाले की लगेच उतरवा. खाली चादर अंथरा, गालिच्यातले चुरमुरे होळीपर्यंत निघत राहतात.

फटाके: मोठे फटाके २९ ते ३१ डिसेंबर एवढ्याच दिवसांत विकले जातात, १८ वर्षांवरच्यांना, आणि उडवायचे ३१ आणि १ लाच. दवाखाने, चर्च, लाकडी चौकटीची जुनी घरं यांच्याजवळ बंदी. फुलबाज्या, इथे 'वुंडरकेर्त्सं', वर्षभर मिळतात, पण त्याही १२ वर्षांवरच्यांसाठी. तेव्हा तुम्ही पेटवा, मुलीने बघायचं. विझलेली तार वाळूच्या बादलीत टाका. मध्यरात्री आवाज जोरात असतो. धाकटा दचकत असेल तर शटर खाली करून रस्त्यापासून लांबच्या खोलीत झोपवा.